बॅगेतला टॅग बोलतो कसा?

मॉसन लेक्सहून मुंबईला निघालात, वाटेत सिंगापूरला विमान बदललेत, की बॅग बराच वेळ नजरेआड. म्हणून आपण तिच्यात एअरटॅग टाकतो. पण त्यात जीपीएस नसते! तो २.४ गिगाहर्ट्झच्या ब्लूटूथ लहरींवर फक्त आपली खूण पाठवत राहतो. जवळचा एखादा आयफोन ती टिपतो आणि स्वतःचे ठिकाण कळवतो. महागड्या अ‍ॅल्युमिनियमच्या बॅगेत मात्र या लहरी क्षीण होतात. धातूचे कवच म्हणजे जवळजवळ फॅरेडेचा पिंजराच. लहरी निसटतात त्या फटींतून, म्हणून टॅग झाकणाच्या कडेला ठेवा आणि घरीच बॅग बंद करून तपासा. शेवटी टॅग पत्ता सांगतो, राखण करत नाही. औषधे आणि दागिने केबिन बॅगेतच बरे.