कॅरी ऑन : अडथळ्यानंतरचं 'चालू द्या'

गेल्या आठवड्यात आपण 'कॅरी आउट' पाहिलं: सांगितलेलं किंवा ठरवलेलं काम पार पाडणं. आज त्याचं भावंड, 'कॅरी ऑन'. शब्दकोशात याचा अर्थ 'चालू ठेवणे' असा मिळतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. 'कंटिन्यू'चाही अर्थ तोच, मग इंग्रजीत हे दोन्ही कशाला?

फरक समजण्यासाठी बराकीत जाऊ. जवान आपापल्या कामात आहेत. अधिकारी आत येतो, सगळे हातातलं काम सोडून सावधान उभे राहतात. अधिकारी म्हणतो, 'कॅरी ऑन', आणि कामं थांबली होती तिथून पुन्हा सुरू होतात. एनसीसीत गेलेल्या वाचकांच्या कानावर हे शब्द नक्की पडले असतील. इथे काम आधी थांबलं आहे, मग 'कॅरी ऑन' आलं आहे. माझ्या मते हा प्रयोग समजून घेण्याची किल्ली हीच. नुसतं चालू असण्यापेक्षा, काहीतरी आडवं आलं तरी चालू ठेवणं हा अर्थ त्यात बहुतेक वेळा दडलेला असतो. आपण उशिरा बैठकीत शिरलो आणि बोलणारा थांबला, तर 'प्लीज कॅरी ऑन' म्हणावं. मराठीत आपण अशा वेळी 'चालू द्या तुमचं' म्हणतो, अगदी तेच.

१९३९ साली ब्रिटनच्या माहिती मंत्रालयाने एक भित्तिपत्रक छापलं: लाल पार्श्वभूमी, वर राजमुकुट, खाली 'कीप काम अँड कॅरी ऑन'. प्रती सुमारे पंचवीस लाख. भीषण बॉम्बहल्ले झाले तर लोकांचा धीर टिकावा म्हणून ती राखून ठेवली होती. प्रत्यक्षात भिंतींवर फारशी लागलीच नाहीत आणि बहुतेकांचा लगदा झाला. २००० साली इंग्लंडमधल्या आल्निक गावच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक प्रत सापडली आणि मग ते शब्द जगभरच्या कपांवर, टीशर्टांवर गेले. तिथे 'कंटिन्यू' घालून पाहा. वाक्यातला सगळा जोर जातो, कारण डोक्यावर बॉम्ब पडत असतानाही रोजचं काम सोडू नका, हे 'कंटिन्यू' सांगत नाही.

आपल्याकडे तर हे नाम झालं आहे. अभियांत्रिकीची मुलं 'कॅरी ऑन द्या' अशी मागणी घेऊन विद्यापीठाच्या दारात बसतात. मागचे विषय सुटलेले नसले तरी पुढच्या वर्षात बसू द्या, असा तिचा अर्थ. लंडनच्या माणसाला हे नाम कळणार नाही. पण अडथळा आहे आणि तरीही पुढे जायचं आहे, हा गाभा त्यात शाबूत आहे, म्हणून मला तो वापर चुकीचा वाटत नाही.

आता वाक्यरचना. पुढे क्रियापद आलं तर त्याला 'इंग' लागतं: 'शी कॅरिड ऑन रीडिंग', ती वाचतच राहिली. 'कॅरिड ऑन टु रीड' असं म्हणत नाहीत. आपल्या मुलांची ही चूक फार होते, कारण 'कंटिन्यू'नंतर दोन्ही चालतात. हातातल्या कामाबद्दल बोलताना 'विथ' येतं: 'कॅरी ऑन विथ युअर वर्क'. परंपरा किंवा घरचा धंदा पुढे न्यायचा असेल तर 'विथ'शिवायही चालतं: 'ही कॅरिड ऑन द फॅमिली बिझनेस'.

एका 'विथ'ने मात्र घोटाळा होऊ शकतो. 'विथ'नंतर काम आलं तर ठीक, माणूस आला आणि क्रियापद 'कॅरीइंग ऑन' असं असलं, तर अर्थ बहुधा 'लफडं चालू आहे' असा होतो. 'स्टॉप कॅरीइंग ऑन!' म्हणजे पुरे झाली कटकट. ब्रिटिश लोक 'व्हॉट अ कॅरी-ऑन!' म्हणतात तेव्हा 'काय हा तमाशा!' असं समजावं. १९५८ च्या 'कॅरी ऑन सार्जंट' या चित्रपटाचं नाव अधिकाऱ्याच्या हुकुमावरून आलं. पण त्यामागून निघालेल्या विनोदी चित्रपटांच्या लांबलचक मालिकेत 'कॅरी ऑन'चा हा चावट अर्थच जास्त खेळवला गेला.

विमानतळावरचं 'कॅरी-ऑन' मात्र वेगळं. ती विमानात सोबत नेण्याची बॅग. बोलताना तिथे जोर 'कॅरी'वर द्यायचा. क्रियापद असेल तेव्हा तो 'ऑन'वर.