अन्न सोडलेला समुद्री मासा

तिगाव, पांढुर्णा, सौंसर या समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या भागात खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी राखायची, तर समुद्राचे पाणी शुद्ध पाण्यात तयार क्षारमिश्रण विरघळवून घडवावे लागते. म्हणून माशाने खाणे सोडले, की खाद्य बदलण्याआधी पाणी तपासणेच योग्य. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार, २५ ते २७ अंश सेल्सिअस तापमान आणि अमोनिया व नायट्राइट शून्य, ही त्याची कसोटी होय. इथल्या कडक उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि धाप लागलेला मासा अन्नाकडे वळत नाही.

समुद्री माशाच्या शरीरातील पाणी परासरणाने, म्हणजे कमी खारट द्रवातून अधिक खारट द्रवाकडे पटलातून झिरपण्याच्या क्रियेने, सतत बाहेर जात असल्यामुळे तो समुद्राचे पाणी पितो. त्यामुळे न खाणाऱ्या माशाच्या आतड्यांपर्यंतही पाण्यातील काही औषधे पोहोचू शकतात, ही फार मोलाची गोष्ट आहे.

अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसल्यास क्रिप्टोकॅरियन या परजीवीची शंका घ्यावी. त्यावरील तांब्याचे औषध प्रवाळ व कोळंबीला मारक असल्याने ते वेगळ्या उपचारपेटीतच, मात्रा रोज मोजून द्यावे. भूक चाळवण्यासाठी जिवंत आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातील इवले कवचधारी जीव, बहुधा सर्वांत उपयोगी पडतात. मँडरिन मासा मात्र मुळातच सूक्ष्म कोपेपॉड टिपून खाणारा असल्याने तो कोरड्या खाद्याला तोंड लावत नसेल, तर त्याला आजारी समजण्याची घाई करू नये.