फुटलेली काच म्हणजे कलेट नव्हे!

गेल्या महिन्यात आमच्या ओट्यावरून लोणच्याची काचेची बरणी पडली आणि पडताना शेजारचा कॉफी मगही घेऊन गेली. दोन्हींचे तुकडे मी एकाच पिशवीत भरले, गाठ मारली आणि पिशवी सुक्या कचऱ्यात टाकली. काच रिसायकल होते हे शाळेपासून ऐकलेलं, त्यामुळे आपण चांगलंच काम केलं असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी कचरा न्यायला येणाऱ्या काकांच्या अंगठ्याला फडकं बांधलेलं. "ताई, काच असली तर सांगत जा. पिशवी दाबली की हातात घुसते," एवढंच म्हणाले. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

त्या पिशवीचं पुढे काय झालं असेल, हे शोधायला बसले आणि एक शब्द सापडला : कलेट. भट्टीत पुन्हा वितळवण्यासाठी तयार केलेले काचेचे तुकडे म्हणजे कलेट. हा शब्द 'छोटी मान' अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आलाय. काच फुंकणाऱ्या कारागिराच्या नळीच्या टोकाला मानेसारखी थोडी काच चिकटून राहायची. ती पुन्हा भट्टीत जायची. म्हणजे रिसायकलिंग हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधी हे चालूच होतं!

आता तुम्ही म्हणाल, एवढी वाळू असताना जुनी काच कशाला? काच बनते वाळू, सोडा अॅश आणि चुनखडीपासून, साधारण 1500 अंश सेल्सिअसला. कलेट मात्र आधीच काच असते, त्यामुळे ती कमी उष्णतेत वितळते. कारखान्यांचा ढोबळ हिशोब असा की, मिश्रणात 10 टक्के कलेट वाढवली की अडीच ते तीन टक्के ऊर्जा वाचते. शिवाय एक टन कलेट वापरली की सुमारे 1.2 टन कच्चा माल वाचतो. एकाला सव्वा कसे? कारण सोडा अॅश आणि चुनखडी तापली की त्यांच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि वजन घटतं. कलेटमधून तो निघतच नाही.

हे सगळं कुठेतरी युरोपातलं नाही. कांजूरमार्गहून सीएसएमटीकडे निघालात की पुढचंच स्टेशन विक्रोळी. तिथे एलबीएस मार्गावर व्हिट्रम ग्लासने वर्षानुवर्षं औषधांच्या तपकिरी बाटल्या बनवल्या. खोकल्याच्या औषधाची बाटली तपकिरी का असते? उजेडाने औषध खराब होऊ नये म्हणून. आणि इथेच कलेटची पहिली अट येते, ती म्हणजे रंग. पारदर्शक बाटली बनवायची तर त्यात तपकिरी किंवा हिरवे तुकडे चालत नाहीत.

दुसरी अट जास्त कडक आहे. चिनी माती त्या भट्टीत वितळत नाही. तिचा कण नव्या बाटलीत खड्यासारखा अडकतो आणि बाटली नेमकी तिथेच तडकते. ओव्हनमध्ये चालणारी बोरोसिलिकेटची भांडीही नकोत, कारण ती बनवलेलीच असतात उष्णतेला दाद न देण्यासाठी. आरसे, बल्ब, ट्यूबलाइट हेही बाद.

म्हणजे माझी पिशवी? तेलकट बरणी आणि चिनी मातीचा मग, एकत्र, चुरा झालेले. ती कलेट होण्याची शक्यता जवळपास शून्य. ती गेली असणार मुंबईचा बहुतेक कचरा जातो तिथेच, म्हणजे आमच्याच कांजूरच्या डम्पिंगवर. संध्याकाळी वारा फिरला की ज्याच्या वासाने आम्ही खिडक्या लावून घेतो, तिथे. ओला कचरा कुजतो, त्याचा गॅस होतो. काच मात्र आहे तशीच पडून राहते.

भंगारवाल्यालाही फुटकी काच फारशी नको असते. वजनाला जड, भाव कमी आणि हात कापायची भीती. अख्खी बिअरची बाटली मात्र तो आनंदाने घेतो, कारण ती धुऊन पुन्हा भरली जाते. खरं तर तेच सगळ्यात उत्तम, कारण वितळवायचा खर्चही वाचतो. त्यामुळे बाटल्या-बरण्या अख्ख्या असतानाच विसळून, झाकण काढून वेगळ्या ठेवा आणि सुक्या कचऱ्यात न मिसळता द्या. फुटलीच तर वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्यांत गुंडाळून खोक्यात भरा आणि वर मोठ्या अक्षरांत 'काच' लिहा. (हो, हे वाचून झालेलं पानही चालेल.) मगचे तुकडे कुंडीच्या तळाशी घाला.

परवा ग्लास फुटला, तेव्हा मी असा खोका काकांच्या हातात दिला. त्यांनी अक्षरं वाचली, खोका कानाशी नेऊन हलवला आणि गाडीच्या हँडलला लटकवलेल्या वेगळ्या गोणीत ठेवला.