वेदनेचा उच्चार आणि कर्करोग

दलित साहित्याची चर्चा आपल्याकडे वेदनेपासून सुरू होते. वेदना, नकार, विद्रोह हे तीन शब्द मीही वर्गात फळ्यावर लिहिते आणि मुले ते वहीत उतरवून घेतात. परंतु आठ वर्षांपूर्वी माझ्या आईला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला, तेव्हा ज्या वेदनेवर मी चर्चासत्रांतून बोलत आले होते ती घरात आल्यावर मला वाचता येईना. आईने जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपण केले. डॉक्टरांनी विचारले, "दुखतं का?" ती म्हणाली, "न्हाई साहेब, बरं हाय." दहापैकी किती दुखते, असे नर्सने विचारले तर ती माझ्या तोंडाकडे पाहू लागली. रात्री धर्मशाळेत मात्र पदराचा बोळा दातांत धरून पडे.

हा तिच्या स्वभावातील सोशिकपणा नव्हे. तोंड उघडले की ज्यांना शिवी मिळाली किंवा ज्यांचा रोजगार गेला, त्यांना खुर्चीतल्या माणसापुढे दुखणे सांगता येत नाही. त्यातून हे दुखणे बाईच्या अंगाचे. हे मौन समाजव्यवस्थेने घडवलेले आहे. आणि वेदनाशामकाची मात्रा तर रुग्णाच्या सांगण्यावरच ठरते! कर्करोग झालेल्यांसाठी जे कला-उपचार केले जातात, त्यांचा विचार मी या ठिकाणी उभी राहून करते आहे.

कला-उपचार म्हणजे वॉर्डातील करमणूक, असा समज आहे. तो चुकीचा आहे. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार क्षयाने आजारी पडून आरोग्यधामात होता. अंथरुणावर पडल्या पडल्या तो चित्रे काढू लागला, मग इतर रुग्णांना काढायला लावू लागला. या कामाला 'कला-उपचार' हे नाव त्यानेच १९४२ साली दिले. पुढे संगीत, नृत्य, नाट्य, लेखन यांच्याही शाखा झाल्या. यात चित्र चांगले आले की वाईट याला महत्त्व नसते. प्रशिक्षित व्यक्ती रुग्णाजवळ बसते, त्याचा श्वास, थकवा, राग पाहते आणि त्याप्रमाणे सूर, रंग किंवा हालचाल पुढे ठेवते. वॉर्डात नुसती ध्वनिफीत लावणे आणि संगीतोपचारकाने रुग्णाबरोबर गाणे, या दोन गोष्टी संशोधकही वेगळ्या मानतात. इस्पितळात रुग्णाचे सर्व काही दुसरे लोक ठरवतात: केव्हा उठायचे, कोणती सुई, कोणता शेक. कोणता रंग घ्यायचा एवढे तरी तो येथे स्वतः ठरवतो.

याला पुरावा काय? वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२१ साली संगीताविषयीच्या ८१ चाचण्या तपासल्या. त्यांत ५५७६ कर्करुग्ण होते. प्रौढ रुग्णांची धास्ती, वेदना आणि थकवा संगीताने कमी होऊ शकतो असे त्यातून दिसले, मात्र बहुतेक चाचण्यांच्या पद्धतीत दोष होते. शिकागो येथे ५० रुग्णांना एक तास चित्रोपचार दिल्यावर नऊपैकी आठ त्रास उतरल्याचे २००६ साली प्रसिद्ध झाले. मळमळ तेवढी कमी झाली नाही. पण तेथे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. नृत्योपचाराच्या २०१५ च्या आढाव्यात तर तीनच चाचण्या सापडल्या आणि ठोस लाभ सिद्ध झाला नाही. गाठ कलेने विरघळते असे सांगणारा माणूस भोंदू समजावा. अंगारे-धुपारे सोडून आलेल्या आपल्या लोकांना नव्या नावाने जुनाच अंगारा नको.

आणखी एक धोका आहे. गरिबाला गाणे द्यायचे आणि मॉर्फीन नाकारायचे, हे होता कामा नये. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या जाचक परवान्यांमुळे आपल्या देशात तीव्र वेदनेच्या रुग्णांनाही मॉर्फीन मिळणे दुरापास्त झाले. २०१४ साली दुरुस्ती होऊन नियम सोपे झाले, तरी खेड्यापर्यंत ते पोचले असे म्हणवत नाही. आधी वेदनाशामक, मग रंगाची पेटी.

येथे ऑड्री लॉर्ड या अमेरिकेतील कृष्णवर्णीय कवयित्रीची आठवण होते. १९७८ साली तिचा एक स्तन काढावा लागला. कृत्रिम स्तन न लावता ती तपासणीला गेली, तेव्हा त्याने दवाखान्याचे मनोधैर्य खचते असे तिला तेथील नर्सने सुनावले. तिने ते मानले नाही. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या रोजनिशीवजा पुस्तकात तिने आजारातील मौन आणि काळ्या स्त्रीवर लादलेले मौन एकत्र तपासले आहे. लेखनाने प्रत्येक रुग्णाला बरे वाटतेच असे प्रयोगांवरून दिसत नाही. लॉर्डला ते आवश्यक होते. पण ती लेखिका होती. निरक्षर बाईने काय करावे?

धर्मशाळेत समाजकार्याची एक विद्यार्थिनी येई. तिच्याआधी एक सज्जन गृहस्थ भजनांच्या फिती लावून जात, तेव्हा आई भिंतीकडे तोंड करी. तिच्या ओठांवर भीमाची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या. दुसऱ्याचा देव तिच्या उशाशी कशाला? या मुलीने कागद वाटण्याआधी विचारले, "मावशी, तुम्ही काय म्हणता?" आईने बऱ्याच वेळाने ओवी धरली. शेजारच्या खाटेवरच्या विदर्भाच्या बाईने दुसरी जोडली. मग माझ्या डोळ्यांदेखत ओवीतले शब्द बदलू लागले. सासर-माहेराच्या जागी शेकाचे यंत्र आले, अंगाची आग आली, मला नोकरीवरून घ्यावी लागणारी रजासुद्धा आली. मराठीची प्राध्यापिका असून मी ते लिहून घ्यायचे विसरले.

त्या रात्री आई म्हणाली, "पोरी, लई दुखतंय गं. बारा आणे दुखतंय." दहाचे माप तिला परके होते, सोळा आण्यांचे ओळखीचे. सकाळी मी डॉक्टरांना तसेच सांगितले. ते हसले नाहीत. त्यांनी गोळ्या वाढवल्या आणि पुढे रोज तिला आण्यांतच विचारू लागले. सहा आण्यांवर ती झोपू लागली.

आई त्यानंतर दीड वर्ष जगली. त्या मुलीचे क्षेत्रकार्य मार्चमध्ये संपले. तिच्या जागेवर कोण येणार, असे मी कार्यालयात विचारले, तेव्हा अशी जागाच मंजूर नाही असे उत्तर मिळाले.