न बोलता जाणारे गिऱ्हाईक

भिवंडीत यंत्रमागावरचा कामगार काम सोडून जाणार, हे मालकाच्या आधी खाणावळवालीला कळते. ज्याची उधारी महिनोन् महिने रेंगाळत असे, तो एके दिवशी न मागता हिशेब चुकता करतो. आणि डाळ पातळ झाली म्हणून रोज कुरकुरणारा तोच माणूस मुकाट्याने जेवून उठतो. तोंडाने तो काही सांगत नाही. त्याचे वागणे सांगते. संगणकावरील प्रणालीचे, म्हणजे सॉफ्टवेअरचे, नाराज गिऱ्हाईक निघून जाण्यापूर्वी कसे ओळखावे, हा आजचा विषय. संघटनेच्या माणसाचा ह्या भानगडीशी संबंध काय, असे काही श्रोत्यांना वाटेल. संबंध आहे, आणि तो आम्ही ठेच खाऊन शिकलो आहो.

एके काळी आमच्या वहीत सभासदांची नावे भरपूर होती. वर्गणी वेळेवर येत होती, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. सभेतल्या सतरंज्या रिकाम्या पडू लागल्या, गाऱ्हाणी घेऊन येणारे यायचे थांबले. आम्ही समजलो, सगळे आलबेल आहे. दिवाळी झाली आणि माणसे एकगठ्ठा निघून गेली. तेव्हा उमगले की वर्गणी थांबणे हे शेवटचे लक्षण. त्याआधी बरेच काही घडून गेलेले असते.

प्रणाली विकणाऱ्यांचेही हेच आहे. पूर्वी प्रणालीची तबकडी एकदा विकत आणली की व्यवहार संपे. पुढे भाड्याची रीत आली. अ‍ॅडोबी या अमेरिकन कंपनीने 2013 मध्ये चित्रकामाच्या आपल्या प्रणालींच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर देण्याचे जाहीर केले. इतरांनीही ती वाट धरली. आमच्याकडे 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मानकोली, काल्हेर, पूर्णा येथील गोदामांपासून मागवाल्यांच्या पेढ्यांपर्यंत हिशेबाच्या प्रणालींचे काम वाढले. भाडे म्हटले की भाडेकरू टिकला पाहिजे. समजा, शंभर गिऱ्हाइकांपैकी दरमहा शेकडा तीन गळतात. आकडा किरकोळ वाटतो. पण वर्षअखेर त्या शंभरांतले सुमारे एकोणसत्तरच उरतात. गळती ही अशी घागरीच्या चिरेसारखी असते.

मग ओळखावे कसे? प्रणाली कंपनीच्या यंत्राशी जोडलेली असल्याने कोणी ती केव्हा उघडली, कोणते काम केले, याची नोंद आपोआप होत असते. त्या नोंदीतून चार-पाच खुणा पाहतात. पहिली खूण वापर रोडावण्याची. मात्र येथे तुलना दुसऱ्याशी करावयाची नसून त्याच गिऱ्हाइकाच्या पूर्वीच्या वापराशी करावयाची. आठवड्यातून एकदाच प्रणाली उघडणारा लहान दुकानदार सुखी असू शकतो. रोज उघडणारा आठवड्यावर आला, तर विचारपूस केली पाहिजे. दुसरी खूण, वापर आकसण्याची: पूर्वी साठा, उधारी, परतीचा माल असे सारे त्यात नोंदले जाई, आता फक्त बिल छापले जाते. तिसरी, माणसे कमी होण्याची: पाच कारकुनांपैकी दोघेच उरले, किंवा ज्याने हौसेने ती प्रणाली पेढीत आणली तोच नोकरी सोडून गेला. चौथी, एकच कळ पुनःपुन्हा दाबण्याची. तो हाताने व्यक्त केलेला संताप असतो. आणि पाचवी, सारी माहिती एकदम उतरवून घेण्याची. म्हणजे ट्रंक बांधून झाली.

या सर्वांहून सूक्ष्म खूण म्हणजे तक्रार बंद पडणे. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवले की नाराज माणसापुढे दोन वाटा असतात: निघून जाणे किंवा आवाज उठवणे. नायजेरियात मालमोटारींची सोय होताच रेल्वेची चोखंदळ गिऱ्हाइके तिकडे वळली. ओरड करणारेच उरले नाहीत, आणि रेल्वे काही सुधारली नाही. तक्रार करणाऱ्याला अजून आशा असते. गप्प झालेल्याची आशा संपलेली असू शकते.

पण खुणांनी हुरळून जाऊ नये. लग्नसराईत कामगार गावी जातात, माग थंडावतात, तेव्हा वापरही घटतो. म्हणून गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहावे. दुसरा हिशेब असा. समजा, हजार गिऱ्हाइकांपैकी पन्नास जाणार आहेत. आपली खूण त्यांतील चाळीस पकडते, आणि राहणाऱ्या साडेनऊशेंतल्या दर दहांपैकी एकाला उगाच संशयित ठरवते. एकूण 135 नावे निघतात आणि त्यांतील 95 कोठेही जाणार नसतात! खूण म्हणजे निकाल नव्हे. ते विचारपुशीचे निमित्त.

आणि यंत्राला जे मुळीच दिसत नाही, तेही सांगितले पाहिजे. गोदामातला कारकून प्रणाली निवडत नाही, मालक निवडतो. कारकुनाला सोडून जाता येत नाही. तो काय करतो? टेबलाच्या खणात एक वही ठेवतो, त्यात खरा हिशेब लिहितो आणि सायंकाळी प्रणालीत कसाबसा उतरवतो. यंत्राच्या नोंदीत वापर भरघोस दिसतो; नाराजी त्या खणात असते. ती पाहावयाची तर कारकुनाशेजारी स्टूल टाकून बसावे लागते. दुसरा उपाय आम्हांस ठाऊक नाही.

शेवटी प्रश्न हेतूचा. जाणारा ओळखून काही धंदेवाले प्रणालीतला दोष काढण्याऐवजी बाहेर पडण्याचे दारच लपवतात. वर्गणी बंद करण्याची कळ सापडू नये अशी ठेवतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा तेरा फसव्या रीती नमूद आहेत. वर्गणीचा हा सापळा त्यांतलाच. उचल देऊन कामगाराला बांधून ठेवण्याची जुनी रीत आम्ही पाहिली आहे. बांधलेला माणूस टिकतो, पण त्याचे मन केव्हाच गेलेले असते.

आमच्यापुरता आम्ही धडा घेतला. आता सभेला कोण आले हे आम्ही मोजतोच. पण पूर्वी येणारा कोण आला नाही, हे आधी विचारतो, आणि त्याच संध्याकाळी त्याच्या खोलीवर जातो. तेथे गेल्यावर मात्र व्याख्यान देत नाही. ऐकतो.