मारण्याआधी ओळखा!



२००२ सालच्या जुलै महिन्यात सांगली जिल्ह्यात उसावर पांढरा लोकरी मावा दिसला आणि त्याच वर्षी तो कर्नाटकातही पोचला. पानाखाली कापूस पिंजून चिकटवावा तसा थर, खालच्या पानांवर चिकटा आणि त्यावर काळी काजळी. किडा तसा जुनाच. जावा बेटावरील उसावरून झेंटनर या शास्त्रज्ञाने १८९७ मध्येच त्याचे वर्णन केले होते. आपल्या भागाला मात्र तो नवा होता.

आम्ही तेव्हा शेतकी पदविका घेऊन नुकतेच नोकरीला लागलो होतो. जो विचारील त्याला एकच सांगायचो, "फवारा!" पण पाठीवर पंप घेऊन वाढलेल्या उसात शिरणं म्हणजे काय, ते शिरलेल्यालाच ठाऊक. औषध धड पानाखाली पोचत नव्हतं. एका फडात माव्याच्या थरात पातळ जाळ्याखाली अळ्या दिसल्या. मालक म्हणाले, "साहेब, आता अळीपण आली की हो!" आम्ही मान डोलावली आणि तिच्यावरही औषध मारायला सांगितलं. पुढे कळलं, ती डिफाची अळी. ती ऊस खात नाही, मावाच खाते. राखणदार आपल्याच हातानं मारले!

कीटकांचं वर्गीकरण म्हणजे पुस्तकी काम, असं तोवर आम्हालाही वाटे. पण ओळख चुकली की उपायही चुकतो. बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोत आज रंगरूपाबरोबरच डीएनए तपासूनही किडीची जात ठरवतात. नावंही बदलतात. जुन्या पत्रकांतली 'कोनोबाथ्रा' आणि नव्यातली 'डिफा' एकच, बरं का!

माव्याचे तीन शत्रू ध्यानात ठेवा:

१) डिफा – अळी माव्यातच जाळं करून राहते.
२) मायक्रोमस – अळी बारीक, दोन्ही टोकांना निमुळती, मावा पकडून शोषते. प्रौढ कीटक तपकिरी, जाळीदार पंखांचा.
३) एन्कार्सिया – आसामातून आणलेली अगदी बारीक गांधीलमाशी. माव्याच्या अंगात अंडी घालते. तिची अळी त्याला आतूनच संपवते.

हेक्टरी १००० डिफा किंवा २५०० मायक्रोमसच्या अळ्या सोडण्याची शिफारस आहे. शेजारच्या फडात मित्रकीटक भरपूर असतील तर तिथली पानं त्यांच्यासकट आणून आपल्या मावा लागलेल्या उसाला बांधावीत. मित्रकीटक दिसत असताना फवारणी करू नये. मावा लागलेले वाढे जनावरांसाठी दुसऱ्या गावी नेऊ नयेत. वाढ्यांबरोबर मावाही जातो.

पावसाळ्यापासून आठवड्यातून एकदा तरी फडात शिरून पान उलटं करून बघा. अनोळखी अळी दिसली तर लगेच चिरडू नका. पानासकट डबीत घालून गट कार्यालयात आणा. आम्ही बघू. आम्हालाही ओळखली नाही तर जाणकारांकडे पाठवू, पण या खेपेला नुसती मान डोलावणार नाही.

– ऊस विकास अधिकारी