डोंगरउतारावरील घरासाठी काँक्रीटची संरक्षक भिंत

पेण आणि रोहे या तालुक्यांत सपाट जमीन बहुतांशी भातशेतीकडे व खाडीकाठच्या खारजमिनीकडे गेलेली आहे. भाताचे खाचर घराखाली घालवू नये, या जुन्या विचाराने अनेक घरे शेताच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी उभी राहिली. उतारावर घर बांधावयाचे म्हणजे वरच्या बाजूस डोंगर कापणे आणि ती माती खालच्या बाजूस टाकून अंगण सपाट करणे ओघानेच येते. त्यामुळे परसदारी मातीचा उभा कडा तयार होतो आणि अंगणाच्या कडेला सैल भराव राहतो. दोन्ही ठिकाणी माती अडविण्यासाठी भिंत लागते.

पूर्वी हे काम गडगा करीत असे. जांभ्याच्या अथवा काळ्या दगडाच्या कोरड्या रचाईत चुना-सिमेंट काहीच नसल्यामुळे डोंगरातून झिरपणारे पाणी दगडांच्या फटींतून वाहून जाई. एखादा भाग ढासळला तर पावसाळ्यानंतर तो पुन्हा रचला जाई. अलीकडे गडगा रचणारे हात कमी झाले असून सिमेंट सर्वत्र मिळते. म्हणून साचे लावून काँक्रीट ओतण्याची पद्धत गावोगाव रूढ होत आहे. काँक्रीट गडग्यापेक्षा मजबूत असते, यात शंका नाही. परंतु गडग्यात आपोआप होणारी एक गोष्ट काँक्रीटच्या भिंतीत मुद्दाम करावी लागते, ती म्हणजे पाण्याचा निचरा. तो विसरला गेल्यास महागडी भिंत पहिल्याच जोरदार पावसाळ्यात पुढे कलते.

याचे कारण हिशेबाने स्पष्ट होते. भिंतीमागे दीड मीटर, म्हणजे सुमारे पाच फूट, उंचीची कोरडी मुरमाड माती असेल, तर ती भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे ७ क्विंटल भाराइतका आडवा रेटा देते. तीच माती पाण्याने काठोकाठ भरली, तर मातीचा रेटा काहीसा घटतो; पण पाण्याचा स्वतःचा रेटा त्यात मिळून एकूण १४ क्विंटलांच्या वर जातो. रायगड जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. तेव्हा भिंतीची खरी परीक्षा पाण्यापुढे असते, हे गवंड्याने व घरधन्याने दोघांनीही आधीच ध्यानी घ्यावे.

उंचीविषयीही असेच आहे. भिंतीची उंची दुप्पट केली तर रेटा चौपट होतो आणि भिंत उलथविण्याचा जोर आठपट होतो. म्हणून घरगुती बांधणीत, समोरच्या जमिनीपासून दीड मीटरपेक्षा अधिक उंचीची भिंत केवळ अनुभवावर बांधू नये. अधिक उंची अडवावयाची असल्यास दोन टप्पे करावेत आणि वरची भिंत खालच्या भिंतीपासून तिच्या उंचीच्या निदान दुपटीइतकी मागे घ्यावी. मध्ये मिळणाऱ्या पट्टीवर भाजीपाला अथवा फुलझाडे लावता येतात. पाणी साठवणारी आळी मात्र तेथे करू नयेत. जागा अपुरी असेल, घर भिंतीला अगदी लागून असेल किंवा मागची जमीन पुढेही चढतीच असेल, तर स्थापत्य अभियंत्याकडून आराखडा करून घेणे आवश्यक आहे. पंचायत समितीकडील बांधकाम अभियंत्याचा सल्ला घेण्यास ग्रामकार्यकर्त्याने शेतकऱ्यास मदत करावी.

काम भाताची कापणी-झोडणी उरकल्यावर सुरू करून आगोटीपूर्वी पुरे करावे. डोंगराची माती पावसाळ्यात कापणे धोक्याचे आहे. उन्हाळ्यातही संपूर्ण लांबीचा पाया एकदम खणू नये. दोन-तीन मीटरांचा तुकडा खणून, मधला तुकडा तसाच राखून, पहिल्या तुकड्याचे काम झाल्यावर दुसरा घ्यावा. वरचा कडा उभा न ठेवता मागे झुकता कापावा. खणलेली माती वरच्या काठावर रचण्याची सवय सर्वत्र दिसते. ती सोडावी, कारण त्या ढिगाचा भार खाली काम करणाऱ्या मजुराच्या डोक्यावरच असतो.

पाया घट्ट मुरमात अथवा खडकात न्यावा. अंगणाच्या बाजूची भिंत नव्या भरावावर उभी करणे ही फार मोठी चूक होय; भराव कितीही कठीण वाटला तरी तो खणून मूळ जमीन गाठावी. जेथे भिंत उताराच्या दिशेने खाली जाते, तेथे पायाचा तळ उतरता ठेवू नये. पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरत प्रत्येक पायरी पाणसळीने सपाट करून घ्यावी. तिरप्या तळावर ओतलेली भिंत स्वतःच्याच वजनाने घसरू लागते.

लोखंडाशिवायच्या भरीव भिंतीसाठी एक नमुना पुढीलप्रमाणे आहे. पाया १.२ मीटर रुंद व ४५ सेंटिमीटर जाड असावा व तो पूर्णपणे जमिनीच्या पातळीखाली राहावा. त्यावरील भिंत तळाशी ९० सेंटिमीटर, माथ्याशी ३० सेंटिमीटर आणि दीड मीटर उंच असावी. दर्शनी बाजू जवळजवळ ओळंब्यात ठेवून मातीकडील बाजू खाली रुंद होत जावी, म्हणजे मागच्या मातीचे वजनही भिंतीला दाबून धरते. दहा मीटर लांबीस सुमारे साडेचौदा घनमीटर काँक्रीट लागते. पायात १:३:६ आणि भिंतीत १:२:४ हे प्रमाण धरल्यास सिमेंटची ऐंशीच्या आसपास पोती लागतील. मागची जमीन सपाट असून निचरा चांगला असेल, तरच ही मापे पुरेशी आहेत. मागे पाणी तुंबल्यास एवढी जाड भिंतही पायासकट पुढे सरकू शकते.

खडी स्वच्छ व टणक असावी. रेती खाडीची घेऊ नये. अंबा व कुंडलिका या नद्यांची मुखे भरतीच्या पाण्याची आहेत व तेथील रेतीत मीठ असते. भिंतीत सळया घातल्या असतील तर हे मीठ त्या आतून गंजवून काँक्रीट फोडते. मोजमाप घमेल्याच्या अंदाजाने न करता ३५ लिटरच्या पेटीने करावे. सिमेंटचे एक ५० किलोचे पोते म्हणजे अशी एक पेटी होय. एका पोत्यास २५ ते ३० लिटर पाणी पुरते. ओली रेती असेल तर त्याहूनही कमी घालावे. माल सहज वाहावा म्हणून मजूर आणखी पाणी ओततात, पण ते पुढे उडून गेल्यावर काँक्रीटमध्ये सूक्ष्म पोकळ्या राहतात व त्याची ताकद घटते.

साच्याच्या फळ्यांना बाहेरून भक्कम टेकू द्यावेत. ओले काँक्रीट पाण्याच्या सुमारे अडीचपट जड असून तेही फळ्यांना बाहेर रेटते. त्यामुळे पूर्ण उंची एका दमात न भरता तीस सेंटिमीटरांचे थर घ्यावेत आणि प्रत्येक थर व्हायब्रेटरने, तो नसल्यास सळईने, नीट ठासावा. पाणी घातल्यापासून अर्ध्या तासात माल साच्यात पडला पाहिजे. दिवसाचे काम थांबविताना वरचा पृष्ठभाग खडबडीत ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी तो धुऊन सिमेंटचा पातळ लगदा लावूनच पुढे जावे. लांब भिंतीत दर पाच-सहा मीटरांवर उभा सांधा मोकळा सोडावा. साचे काढल्यावर गोणपाट लपेटून निदान दहा-बारा दिवस पाणी मारावे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात एका दिवसाचीही हयगय भिंतीच्या अंगावर तड्यांच्या रूपाने उमटते.

आता निचऱ्याकडे वळू. भिंत ओतण्यापूर्वीच साच्यात ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाच्या प्लॅस्टिक नळ्या आडव्या बसवाव्यात, त्यांचा उतार बाहेरच्या बाजूस असावा. खालची ओळ समोरच्या जमिनीच्या किंचित वर, दोन नळ्यांतील अंतर एक ते दीड मीटर आणि वरची ओळ खालच्या दोन नळ्यांच्या मध्यावर येईल अशी ठेवावी. भिंतीमागे तळापासून जवळजवळ माथ्यापर्यंत तीस ते पंचेचाळीस सेंटिमीटर जाडीचा दगड-खडीचा थर भरावा. त्याच्या व मातीच्या मध्ये पाणी गाळणारे कापड, म्हणजे जिओटेक्स्टाइल, घातल्यास माती खडीत शिरून नळ्या बुजत नाहीत. सिमेंटची रिकामी पोती त्याऐवजी वापरू नयेत. ती लवकरच फाटतात. मागील भराव भिंत तीन आठवड्यांची झाल्यावर घालावा, तो चिकणमातीचा नसून मुरमाचा असावा आणि वीत-वीतभराच्या थरांनी धुम्मसाने ठोकावा. फक्त सर्वांत वर चिकणमातीचा एक थर देऊन त्यावर सिमेंटचा पाट काढावा आणि डोंगरावरून येणारे पाणी बाजूच्या ओहोळाकडे न्यावे. छपराच्या पागोळ्यांचे आणि मोरीचे पाणी भिंतीमागे कदापि सोडू नये.

अशी भिंत घराभोवतालची माती सावरते. डोंगर सुटला तर तो अडविण्याचे बळ तिच्यात नाही. याच जिल्ह्यात जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते, २२ जुलै २०२१ रोजी तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी येथे दरडी कोसळून मोठी मनुष्यहानी झाली. वरच्या डोंगरावर नव्या लांबच लांब भेगा दिसणे, झाडे वा विजेचे खांब कलणे, स्वच्छ झऱ्याला एकाएकी गढूळ पाणी येणे किंवा तो अचानक आटणे ही लक्षणे आढळल्यास भिंतीचा भरवसा धरून कोणी घरात थांबू नये. माणसे व गुरे ताबडतोब हलवावीत आणि तहसील कार्यालयास कळवावे.

पहिल्या पावसाळ्यात मृगाच्या सरींपासूनच भिंतीची पाहणी करीत राहावे. नळ्यांतून स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर निचरा ठीक चालला आहे असे समजावे. भर पावसात नळ्या कोरड्या व भिंत ओली दिसली तर नळ्या तुंबल्या आहेत. पाऊस उघडताच त्या सळईने मोकळ्या कराव्यात. गढूळ पाणी सतत येत असेल तर मागची माती वाहत आहे आणि वरची जमीन खचण्याचा संभव आहे. तडा दिसल्यास त्यावर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी लावून तारीख घालावी. पेणमध्ये गणेशमूर्तींच्या कारखान्यांमुळे ही वस्तू शोधावी लागत नाही. पट्टी फुटली तर तडा वाढत आहे हे निश्चित. भिंतीच्या पायथ्याशी मुलांना खेळू देऊ नये, तेथील गुरे दुसरीकडे बांधावीत आणि अभियंत्यास बोलवावे.